बँकेच्या खिडकीची मुलाखत आणि दुकानाचा अनुभव

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी दुकान, कारखाना, माग किंवा एखादी कारागिरी आहे. या घरांतील पदवीधर मुलेमुली आता बँकांच्या ग्राहक सेवेच्या जागांसाठी अर्ज करू लागली आहेत. बँकेची नोकरी करावी की नाही, हा प्रश्न काही घरांत निघतो. तो ज्याने त्याने आपल्या आलिमांकडे न्यावा. येथे फक्त मुलाखतीचा विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सरकारी बँकांच्या कारकुनी भरतीतून मुलाखत 2016 सालापासून काढून टाकण्यात आली आहे. तेथे पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि स्थानिक भाषेचे ज्ञान एवढेच पाहतात. स्टेट बँकेत या जागेचे नावच 'ज्युनियर असोसिएट, कस्टमर सपोर्ट अँड सेल्स' असे आहे. त्या भरतीत दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर मराठी विषय असला, तर भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. आपल्याकडील उर्दू माध्यमाच्या मुलांनीही मराठी विषय घेतलेला असतो. तेव्हा ती गुणपत्रिका जपून ठेवावी. "साहेबांना सांगून मुलाखतीत पास करून देतो" असे कोणी सरकारी बँकेच्या कारकुनीबद्दल म्हणाला, तर तो खोटे बोलतो आहे हे ओळखावे. मुलाखतच नाही, तर पास कशात करणार?

मुलाखत होते ती खासगी बँकांत. रोख खिडकी, चौकशीचे टेबल, टेलिफोनवरून खातेदाराशी बोलण्याचे काम, अशा जागा असतात. समोर बहुधा शाखेचा व्यवस्थापक आणि भरती विभागाचा एखादा माणूस असतो.

पहिला प्रश्न ठरलेला: स्वतःविषयी सांगा. त्यालाच जोडून येतो: वडील काय करतात? येथे आपली मुले उगीच चाचरतात. अब्बांचे बेकरीचे किंवा चपलांचे दुकान असले, तरी "बिझनेस आहे" एवढेच पुटपुटतात आणि पुढच्या प्रश्नाला गप्प होतात. खरे म्हणजे येथेच त्यांचे भांडवल आहे. "अब्बांचे दोन माग आहेत, सूतवाल्याचा हिशेब आणि मजुरांचा आठवड्याचा पगार मी लिहिते," असे सांगणारी मुलगी पैसे मोजणे, नोंद ठेवणे आणि तगादा करणाऱ्याशी नीट बोलणे हे तिन्ही शिकलेली आहे. घेणाऱ्याला नेमके हेच पाहिजे असते. इंग्रजीत अडले तर परवानगी मागून हिंदी-मराठीत बोलावे. पाठ केलेल्या इंग्रजी भाषणापेक्षा ते बरे.

दुसरा प्रश्न रागावलेल्या खातेदाराचा. म्हातारा खातेदार तिसऱ्यांदा आला आहे, काम झालेले नाही, तो ओरडतो आहे, काय कराल? दुकानात बसलेल्या मुलाला याचे उत्तर शिकवावे लागत नाही. त्याला बसवा, पूर्ण बोलू द्या, दिलगिरी व्यक्त करा, कागद पाहा, आणि काम कधी होईल ते ठरवून सांगा. एवढ्यावर थांबू नये. तक्रार लेखी घेऊन तिचा क्रमांक देईन, असेही सांगावे. बँकेने 30 दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर खातेदार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकतो. 2021 साली सर्वांसाठी मिळून एकच लोकपाल योजना करण्यात आली. हे माहीत असलेला उमेदवार उठून दिसतो.

आता दुकानाची सवय जेथे घात करते, तिकडे वळू. कारण मुले बहुतेक येथेच घसरतात.

प्रश्न असा येतो: खातेदाराने भरलेल्या बंडलात 500 ची एक नोट बनावट निघाली, काय कराल? दुकानदाराचा मुलगा चटकन म्हणतो, "नोट परत देईन, दुसरी मागेन." गल्ल्यावर आपण तेच करतो. बँकेत मात्र हे उत्तर साफ चुकीचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बनावट नोट परत देता येत नाही. तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करावी लागते आणि देणाऱ्याला पावती द्यावी लागते. त्याने पावतीवर सही करायला नकार दिला तरी पावती द्यायचीच. त्या नोटेचे पैसे खात्यात जमा होत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा सापडल्या, तर महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळवतात; पाच किंवा अधिक सापडल्या, तर गुन्हा नोंदवावा लागतो. (व्यापारी बंधूंनी हे स्वतःसाठीही ध्यानात ठेवावे. भरणा करण्याआधी बंडल घरी तपासून न्यावे.)

तसाच दुसरा प्रश्न: संध्याकाळी रोख जुळवताना 500 रुपये कमी आले. "खिशातून टाकून हिशेब जुळवीन" हे उत्तर प्रामाणिकपणाचे वाटते, पण बँकेच्या दृष्टीने ती लपवाछपवी होते. आधी वरिष्ठाला सांगायचे, नोंद करायची, व्हाउचर पुन्हा तपासायची. रक्कम जास्त निघाली तरी हाच क्रम.

तिसरा प्रश्न मोहल्ल्यातला आहे. ओळखीचे चाचा येतात आणि धाकट्या भावाच्या खात्यात किती रक्कम आहे ते विचारतात. दुकानात चाचांना नाही म्हणणे बेअदबी ठरेल. येथे नाही म्हणावेच लागते, फक्त शब्द अदबीचे हवेत: "चाचा, हे मला माझ्या सख्ख्या भावालाही सांगता येत नाही." दुकानात मालक आपल्या मर्जीने उधार देतो, सूट देतो. खिडकीवरच्या माणसाच्या हातात मर्जी नसते, आणि ती वापरणार नाही एवढी खात्री मुलाखत घेणाऱ्याला हवी असते.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" असे म्हणतात, तेव्हा लाजू नये. नेमणूक बँकेच्या स्वतःच्या पटावर आहे की एखाद्या एजन्सीच्या, ते विचारावे. ठरलेला पगार किती आणि विमा, क्रेडिट कार्ड खपवल्यावर मिळणारी रक्कम किती, हे वेगवेगळे विचारावे. ग्राहक सेवेच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी विक्रीचे टार्गेट दिले जाते. नेमणुकीचे पत्र वाचल्याशिवाय सही करू नये आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत. भरती परीक्षेच्या अर्जाची जाहीर फी असते, ती सोडून अनामत, प्रशिक्षण किंवा गणवेशाच्या नावाने कोणी पैसे मागितले, तर ते देण्याआधी त्या बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन विचारावे.