हातची जुडी

पोरी, काल फोनवर रडकुंडीला आली होतीस, म्हणून सावकाश सांगते. 47 अधिक 38, आणि पोट्ट्यानं लिहिलं 715. तू म्हणालीस, "आई, याच्या डोक्यात काही शिरतच नाही." शिरलंय गं. सात नि आठ पंधरा, चार नि तीन सात, दोन्ही बरोबर. पंधरातले दहा शेजारच्या घरी कसे जातात, तेवढं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

दोन दिवस वही मिटून ठेव. आमच्याकडे तुराटीच्या काड्या असायच्या. अकोल्यात फ्लॅटवर तुराटी कुठची, खराट्याच्या काड्या मोड. दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या. 47 म्हणजे चार जुड्या, सात सुट्या. 38 म्हणजे तीन जुड्या, आठ सुट्या. सुट्या एकत्र केल्या की पंधरा. त्यातल्या दहा मोजून रबर त्यालाच लावू दे, तू लावून देऊ नको. आठ जुड्या, पाच सुट्या. मग वही उघडायची आणि हातांनी जे केलं तेच, त्याच क्रमानं, लिहायचं. माझे बाबा दर्यापूरकडे कापूस वेचणीचा हिशेब ठेवायचे. ते म्हणत, "पयले जुडी बांध, मंग लिव."

'हातचा एक' म्हणू नको, 'हातची एक जुडी' म्हण. एक म्हटलं की लेकरू एकच समजतं. मग कधी पंधरातला एक खाली लिहून पाच वर चढवतं. तेव्हा ओरडायचं नाही, विचारायचं, "सुट्या किती उरल्या?"

आणि तो सत्तेचाळीस ऐकून 74 लिहितो, त्यात त्याचा दोष नाही. आपली मराठीच आधी सात म्हणते, मग चाळीस. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मीही चिडले होते. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांचं म्हणणं नंतर वाचलं आणि गप्प बसले. तू दोन्ही नावं सांग. सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस आणि सात. उलट 'एकोण' आला की फायदाच घ्यायचा. एकोणचाळीस हे नावच सांगतं की चाळीसला एक कमी आहे. 39 अधिक 24 असेल तर चोवीसातला एक त्याला देऊन टाक. चाळीस नि तेवीस, हातच्याची गरजच नाही.

तुमचं सोपं आहे बाई. आमच्या लहानपणी चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. हातचा कुठे चारावर, कुठे सोळावर. 1957 च्या एप्रिलात नवे पैसे आले आणि बाबांनी आधी जुन्याच सवयीनं चुका केल्या. मोठ्या माणसाचंही असंच होतं.

तीन अंकी बेरजेला चौकडीची वही आण, एका घरात एकच आकडा. नाहीतर 345 खाली 27 लिहिताना दोन जाऊन तीनाखाली बसतो. नियम तोच, दहा जुड्यांचा एक गठ्ठा. कापसाचंही तसंच सांग त्याला. सोमवारी 68 किलो, मंगळवारी 57, झाले 125. शंभराचा एक क्विंटल बाजूला, वर पंचवीस किलो.

रोज चारच गणितं दे, पन्नास नको. प्रत्येकाआधी एक विचार, "उत्तर शंभराच्या आत येईल की बाहेर?" असं विचारलं असतं तर 715 त्यानं स्वतःच खोडलं असतं. आणि बोटं मोजत असेल तर मोजू दे. मी अजून मोजते.

दिवाळीला त्याला घेऊन ये. वेचणी चालू असेल, वजनाची वही त्याच्याकडेच देणार आहे.