आपल्या श्रद्धेची यहुदी मुळे
(बायबल अभ्यास)



दरवर्षी पवित्र शुक्रवारी आपण संत योहानकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकतो. त्यात 'यहुदी' हा शब्द वारंवार कानांवर पडतो. मग धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल हमखास विचारते, "येशूला यहुद्यांनीच मारलं ना?" आपल्यापैकी कित्येक जण सहज 'हो' म्हणून मोकळे होतात. परंतु हे एका शब्दाचे उत्तर चुकीचे आहे. इतिहासात या उत्तराची किंमत लाखो निरपराध माणसांनी मोजली आहे. म्हणून आपल्या श्रद्धेची मुळे कोठे आहेत आणि गेल्या काही दशकांतील बायबल अभ्यासकांनी त्यावर काय प्रकाश टाकला आहे, हे आज आपण थोडक्यात पाहू या.

१. प्रभूचे घर

येशू यहुदी आईच्या पोटी जन्मला. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली. मरिया आणि योसेफ यांनी त्याला यरुशलेमच्या मंदिरात नेले व गरिबांसाठी नेमून दिलेले अर्पण, म्हणजे पक्ष्यांची जोडी, वाहिली (लूक २:२१-२४). शब्बाथ दिवशी सभास्थानात जाण्याचा त्याचा परिपाठ होता (लूक ४:१६). रक्तस्रावाने आजारी असलेल्या स्त्रीने त्याच्या वस्त्राच्या ज्या गोंड्याला स्पर्श केला, तो गोंडा मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे प्रत्येक इस्राएली पुरुषाच्या वस्त्राला असे (गणना १५:३८). सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारल्यावर प्रभूने दिलेले उत्तरही नवीन नव्हते. देवावर प्रीती करण्याची आज्ञा अनुवाद या पुस्तकातील आहे, तर शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा लेवीय या पुस्तकातील. या दोन आज्ञा त्याने एकत्र गुंफल्या आणि प्रश्न विचारणाऱ्या यहुदी शास्त्र्याने त्याला मनापासून दुजोरा दिला (मार्क १२:२८-३४).

ही माहिती शुभवर्तमानात पहिल्यापासून आहे. तरीही विद्वानांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या आणि चित्र पालटले. प्रभूच्या काळातील यहुदी धर्म एकसुरी नव्हता, त्यात अनेक पंथ आणि अनेक आशा होत्या, हे मूळ कागदपत्रांतूनच दिसले. संत योहानाच्या शुभवर्तमानातील प्रकाश आणि अंधार यांची भाषा ग्रीक विचारांतून आली असावी, असे पूर्वी बरेच अभ्यासक मानत. तशीच भाषा कुमरानच्या यहुदी लिखाणात आढळली. पुढे १९७३ साली गेझा व्हर्मेश या विद्वानाने येशूच्या यहुदीपणावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. अमेरिकेतील कॅथलिक धर्मगुरू जॉन मायर यांनी १९९१ पासून ऐतिहासिक येशूवर पाच मोठे खंड प्रसिद्ध केले. या दोघांची मते सारखी नाहीत. मात्र येशूला त्याच्या लोकांपासून तोडून समजून घेता येत नाही, यावर आज बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे.

२. परुशी म्हणजे ढोंगी?

आपण बोलता बोलता एखाद्या दांभिक माणसाला 'परुशी' म्हणतो. पण नवा करारच नीट वाचला तर वेगळे चित्र दिसते. हेरोद राजा जिवावर उठला आहे, अशी सूचना येशूला देणारे परुशीच होते (लूक १३:३१). रात्री भेटायला आलेला आणि दफनासाठी सुगंधी द्रव्ये आणणारा निकदेम परुशी होता. प्रेषितांना ठार मारू नका, असा सल्ला धर्मसभेला देणारा गमलिएल परुशी होता (प्रेषितांची कृत्ये ५:३४-३९). संत पौल आपण परुशी असल्याचे स्वतः सांगतात (फिलिप्पैकरांस ३:५). मृतांच्या पुनरुत्थानावर परुशांचा विश्वास होता, सदूकींचा नव्हता. म्हणजे या महत्त्वाच्या मुद्द्यावर प्रभू परुशांच्या बाजूने उभा होता.

मग मत्तयच्या तेविसाव्या अध्यायातील ते कडक शब्द कशासाठी? अभ्यासक दोन गोष्टी लक्षात आणून देतात. पहिली, इस्राएलच्या संदेष्ट्यांनी आपल्याच लोकांना याहून कमी कडक शब्दांत सुनावलेले नाही. घरातल्या माणसाचे रागावणे वेगळे आणि बाहेरच्याने केलेली निंदा वेगळी. दुसरी, बहुतेक विद्वानांच्या मते मत्तयचे शुभवर्तमान इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर लिहिले गेले. तेव्हा उरलेल्या समाजाला वाट कोणी दाखवायची, यावरून ख्रिस्ताचे अनुयायी आणि परुशी परंपरेतील गुरू यांच्यात चुरस होती. त्या वादाची धग शुभवर्तमानाच्या शब्दांना लागली आहे. मे २०१९ मध्ये रोम येथील पोपमहोदयांच्या बायबल संस्थेने परुशांवर एक खास परिषद भरवली होती. पोप फ्रान्सिस यांनी त्या अभ्यासकांची भेट घेऊन असे संशोधन प्रवचने आणि धर्मशिक्षण सुधारण्यासाठी उपयोगी पडेल, अशी आशा व्यक्त केली होती.

३. संत पौल आणि आपण

दमास्कसच्या वाटेवर पौलाने यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, असे आपण सरधोपटपणे म्हणतो. पण तेव्हा 'ख्रिस्ती धर्म' या नावाचा निराळा धर्म नव्हताच. संत पौलांच्या पत्रांत 'ख्रिस्ती' हा शब्द एकदाही येत नाही. आपल्याला आलेल्या हाकेचे वर्णन ते यिर्मया संदेष्ट्याच्या पाचारणाची आठवण व्हावी अशा शब्दांत करतात (गलतीकरांस १:१५). क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश लुथरन अभ्यासकाने १९६० च्या दशकात या मुद्द्याकडे लक्ष वेधले. १९७७ साली इ. पी. सँडर्स यांनी तत्कालीन यहुदी लिखाणाचा मोठा अभ्यास मांडला. यहुदी लोक नियम पाळून तारण 'कमावतात' असे आपण समजतो, ते बरोबर नाही, असे त्यांनी दाखवले. आधी देवाची कृपा आणि त्याने केलेला करार, मग त्या कृपेला प्रतिसाद म्हणून नियमांचे पालन, असा तो क्रम होता. संत पौलांच्या विचारांवर विद्वानांत अजून वाद आहेत. पण यहुदी म्हणजे कोरडे कर्मकांड हे जुने समीकरण आता टिकत नाही.

यरुशलेमच्या पहिल्या धर्मसभेकडे (प्रेषितांची कृत्ये १५) या दृष्टीने पाहा. तेथे वाद यहुद्यांना आत घ्यावे की नाही, असा नव्हता. यहुदी तर घरचेच होते. वाद होता तो परराष्ट्रीयांबद्दल, म्हणजे आपल्यासारख्यांबद्दल. सुंता न केलेल्यांना आत घ्यायचे की नाही, हा प्रश्न पेत्र, याकोब, पौल आणि बर्णबा या यहुदी बांधवांनी चर्चेने सोडवला आणि आपल्याला दार उघडले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल जैतुनाच्या झाडाचा दृष्टान्त देतात. आपण रानटी जैतुनाच्या फांद्या, कलम करून मूळ झाडाला जोडलेल्या. फांदीने मुळापुढे ताठा मिरवू नये, कारण फांदी मुळाला पोसत नाही, मूळ फांदीला पोसते (रोम. ११:१७-१८). कलम करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

४. वाटा कधी वेगळ्या झाल्या?

पूर्वी पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर सोपे असे : मंदिर पडले आणि दोन धर्म वेगळे झाले. अलीकडचे अभ्यासक म्हणतात, एवढ्या झटपट काही घडले नाही. एकेका गावी, एकेका पिढीत, निरनिराळ्या वेगाने हे घडत गेले. मंदिराचा विध्वंस, १३२ ते १३५ या काळातील रोमविरुद्धचे बंड, परराष्ट्रीय विश्वासूंची वाढती संख्या अशी अनेक कारणे एकत्र आली.

काही पुरावे पाहा. आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोक यहुदी पंचांगाप्रमाणे निसान महिन्याच्या १४ तारखेला पास्का पाळत, तर रोममध्ये तो रविवारी असे. इ. स. १५५ च्या सुमारास स्मुर्णाचे बिशप संत पॉलिकार्प यावर बोलण्यासाठी रोमला आले. त्यांचे आणि पोप अनिसेत यांचे एकमत झाले नाही, तरी दोघे एकमेकांचा मान राखून शांतीने निरोप घेऊन गेले. सर्वांनी एकाच रविवारी पास्का पाळावा, असे पुढे ३२५ साली निकाया परिषदेने ठरवले. सीरियातील दुरा-युरोपस या गावच्या उत्खननात तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती प्रार्थनाघर आणि यहुदी सभास्थान एकाच रस्त्यावर सापडले. दोन्हींच्या भिंतींवर बायबलमधील चित्रे होती. आणि थेट ३८६-३८७ साली अंत्युखियाचे संत जॉन क्रिसोस्तोम आपल्या ख्रिस्ती श्रोत्यांना यहुद्यांच्या सणांना जाऊ नका म्हणून कठोर शब्दांत बजावत होते. ज्या अर्थी बजवावे लागत होते, त्या अर्थी लोक जात होते. त्या प्रवचनांतील कटु शब्द पुढच्या शतकांत यहुद्यांविरुद्ध वापरले गेले, हेही येथे सांगितले पाहिजे.

ख्रिस्तसभेने मुळे तोडण्याचा एक प्रयत्न मात्र लवकरच हाणून पाडला होता. मार्सियन नावाच्या माणसाने जुना करार टाकून द्यावा, इस्राएलचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असे शिकवले. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्तसभेने त्याला बाहेर काढले. आज कोणी "जुन्या कराराची आता काय गरज?" असे विचारतो, तेव्हा तो नकळत मार्सियनचीच री ओढत असतो.

५. दोष कोणाचा?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. क्रूसावर खिळणे ही रोमन शिक्षा होती आणि हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा होता. मंदिरातील प्रमुख याजक आणि त्यांच्या गोटातील काही माणसे त्यात सामील होती. पण क्रूसापाशी रडणारी आई, शिष्य, थडगे देणारा अरिमथाईकर योसेफ हे सगळे यहुदीच होते आणि क्रूसावरील प्रभूही यहुदी होता. संत योहानांच्या शुभवर्तमानात 'यहुदी' हा शब्द सुमारे ७० वेळा येतो. कधी त्याचा अर्थ सर्व लोक, कधी यहुदियाचे रहिवासी, तर कधी केवळ विरोधी पुढारी असा होतो. वाचताना हा फरक ध्यानात ठेवला नाही तर संपूर्ण जमातीवर आरोप होतो.

तसा आरोप झाला आणि त्याचे भयंकर परिणाम झाले. १०९६ साली पहिल्या क्रूसयुद्धाच्या वेळी ऱ्हाइन नदीकाठच्या वोर्म्स आणि माइन्झ या शहरांत यहुद्यांची कत्तल झाली. विसाव्या शतकात नाझींनी सुमारे ६० लाख यहुद्यांना ठार मारले. नाझींचा वंशद्वेष ख्रिस्ती शिकवणीतून आलेला नव्हता. परंतु शतकानुशतकांच्या तिरस्काराने अनेक ख्रिस्ती लोकांची मने बधिर केली होती, हे नाकारता येत नाही. ज्यूल इझाक या फ्रेंच यहुदी इतिहासकारांची पत्नी आणि मुलगी त्या संहारात मारल्या गेल्या. १३ जून १९६० रोजी ते पोप जॉन तेविसावे यांना भेटले आणि ख्रिस्ती शिकवणीतील हा तिरस्कार दूर करावा, अशी विनंती त्यांनी केली. पोपमहोदयांनी त्याआधीच, १९५९ साली, पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेतून यहुद्यांना अविश्वासू ठरवणारा शब्द काढून टाकला होता.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र २२२१ विरुद्ध ८८ मतांनी स्वीकारले. प्रभूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही आणि देवाने त्यांना टाकून दिले आहे असे शिकवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १३ एप्रिल १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे रोममधील यहुदी सभास्थानात गेले. २००१ साली पोपमहोदयांच्या बायबल आयोगाने यहुदी लोक आणि त्यांचे पवित्र शास्त्र यांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

मग मुलाला काय सांगावे? ट्रेंट परिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या धर्मशिक्षण ग्रंथातच उत्तर आहे : प्रभूच्या मरणाला सर्व पापी माणसे कारण आहेत आणि त्याला ओळखूनही पाप करणाऱ्या आपल्यासारख्यांचा दोष अधिक मोठा आहे. बोट दुसऱ्याकडे नव्हे, स्वतःकडे वळवायचे आहे.

६. आपल्या उपासनेत, आपल्या मातीत

आमेन, आलेलुया, होसान्ना हे शब्द इब्री परंपरेतून आपल्याला मिळाले. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षरस अर्पण करतानाची प्रार्थना यहुदी भोजनाच्या आशीर्वादांच्या धर्तीवर आहे. परिषदेनंतरच्या नव्या वाचनक्रमामुळे रविवारचे पहिले वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातून असते. तेव्हा उशिरा येऊन हे वाचन चुकवू नये.

आपल्या कोकणात तर यहुदी बांधव शेकडो वर्षे नांदले. बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी शब्बाथची विश्रांती, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली उभे राहिले. १९४८ नंतर बरेच जण इस्राएलला गेले, तरी पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे आपल्याला परकी नाहीत.

यहुदी आणि आपण यांच्यात मूलभूत फरक आहे. येशू हा मसीहा आणि देवाचा पुत्र आहे, ही आपली श्रद्धा आहे. ती झाकून ठेवण्याची गरज नाही. परंतु देवाची दाने आणि त्याचे पाचारण मागे घेतले जात नाही, हे संत पौलांचेच सांगणे आहे (रोम. ११:२९). ज्या मुळाने आपल्याला पोसले, त्याचा आदर राखणे हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे.

कुटुंबात आणि लघुसमूहात चर्चेसाठी :

१. रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय एकत्र वाचा. संत पौल आपल्याला कोणत्या गर्वापासून सावध करतात?

२. 'परुशी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो का? त्याऐवजी काय म्हणता येईल?

३. येत्या पवित्र शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तान्त ऐकण्यापूर्वी मुलांना कोणत्या दोन गोष्टी समजावून सांगाल?