माळ्यावरची अमानत : घरातील वस्तू, आठवणी आणि आपली जबाबदारी

दिव्य कुरआनच्या सूरह अत-तकासुरमध्ये सर्वश्रेष्ठ अल्लाहने माणसाच्या एका जुन्या आजारावर बोट ठेवले आहे. अधिकाधिक मिळवण्याच्या चढाओढीने माणसाला गाफील केले आणि कबरीपर्यंत पोहोचला तरी ही गफलत सुटली नाही, असा त्या आयतींचा आशय आहे. सूरहच्या अखेरीस सांगितले आहे की, त्या दिवशी प्रत्येक देणगीबाबत विचारणा होणार आहे. ही सूरह वाचताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा सावकार, जमीनदार किंवा मोठे व्यापारी येतात. आपल्या घरातील माळा, पलंगाखालच्या पेट्या आणि गच्चीवरील अडगळ मात्र डोळ्यांसमोर येत नाही. वास्तविक, जाब केवळ मोठ्या संपत्तीचा नाही, दिलेल्या प्रत्येक वस्तूचा आहे.

हा विषय हिंगण्यासारख्या ठिकाणी अधिक जवळचा वाटावा असा आहे. येथील औद्योगिक वसाहतीमुळे विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून अनेक कुटुंबे कामासाठी येऊन स्थायिक झाली. गावाकडचे घर मोडले की तेथील तांब्याचे हंडे, देग, दादीचे पानदान, नानीची पेटी, लग्नातील रजया असे सारे सामान शहरातील दोन खोल्यांच्या घरात येते. त्यात नव्या वस्तूंची भर पडतेच. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही. पण नवा कूलर आला तरी जुन्याचा सांगाडा गच्चीवर गंजत राहतो आणि त्याच्या टाकीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात डास वाढतात. आपली अडगळ अशा प्रकारे शेजाऱ्याच्या लेकरांना तापाने आजारी पाडू शकते. स्वतःलाही अपाय नको आणि दुसऱ्यालाही नको, हे इस्लामी शरीअतचे मूलभूत तत्त्व येथेही लागू पडते.

गरज किती, साठा किती?

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. घरातील एक अंथरूण पुरुषासाठी, एक त्याच्या पत्नीसाठी व तिसरे पाहुण्यासाठी असते, चौथे मात्र शैतानासाठी असते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. उलेमांनी स्पष्ट केले आहे की, येथे आकडा मोजणे हा हेतू नाही. ज्या घरात मुले व वृद्ध आहेत त्या घराची गरज मोठी असणारच. मर्म असे की, स्वतःच्या गरजेत पाहुण्याचाही वाटा धरला आहे. त्यापलीकडचा साठा मात्र प्रौढी, लोभ किंवा आळस यांपोटी असतो.

वस्तूंचा भार मनावरही पडतो. अबू जहम (रजि.) यांनी भेट दिलेली नक्षीदार चादर अंगावर घेऊन प्रेषितांनी (स.) नमाज अदा केली. नक्षीकडे लक्ष जाऊन नमाजच्या एकाग्रतेत व्यत्यय आला, म्हणून त्यांनी ती चादर परत पाठवली आणि तिच्याऐवजी अबू जहम (रजि.) यांच्याकडील साधी चादर मागवून घेतली. ही हदीस सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. वस्तू हलाल होती, प्रेमाने आलेली होती. तरीही ती अल्लाहपासून लक्ष वेधून घेते हे जाणवताच ती दूर करण्यात आली. शिवाय देणाऱ्याचे मन दुखावू नये म्हणून त्याचीच दुसरी वस्तू मागून घेतली. भेटवस्तू केवळ संकोचापोटी वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्यांना या प्रसंगात मोठे मार्गदर्शन आहे.

आठवणीची वस्तू ठेवणे गैर आहे काय?

काहींना वाटते की दीनदार माणसाने आठवणींच्या वस्तूंविषयी कोरडे असावे. प्रेषितांचे (स.) जीवन असे सांगत नाही. हिजरी सन २ मधील बद्रच्या लढाईत प्रेषितकन्या हजरत जैनब (रजि.) यांचे पती अबुल आस हे मक्केच्या सैन्यासोबत आले व बंदी झाले. त्यांच्या सुटकेसाठी हजरत जैनब (रजि.) यांनी जी खंडणी पाठवली, त्यात एक गळ्यातील हार होता. तो त्यांच्या आई हजरत खदीजा (रजि.) यांनी त्यांना लग्नात दिला होता. सुनन अबू दाऊदमध्ये नमूद आहे की, तो हार पाहताच प्रेषितांचे (स.) मन अतिशय भरून आले.

यानंतर जे घडले ते अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. तो हार आता खंडणीचा भाग होता. त्यावर सर्व मुस्लिमांचा हक्क होता. प्रेषितांनी (स.) तो परस्पर परत केला नाही. त्यांनी सहाबांना विचारले की, त्यांना योग्य वाटत असेल तर त्यांनी बंद्याला सोडावे आणि हारही परत करावा. सहाबांनी आनंदाने होकार दिला. यातून दोन गोष्टी कळतात. वस्तू पाहून गेलेल्या माणसाची आठवण येणे व मन हेलावणे हे मानवी आहे, त्यात दोष नाही. पण भावना कितीही खरी असली तरी तिच्यासाठी दुसऱ्याचा हक्क ओलांडता येत नाही.

हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण प्रेषितांनी (स.) आणखी एका रीतीने जपली. बकरी जिबह केली की ते तिचे मांस खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे आवर्जून पाठवीत. आपण अम्मीची साडी पेटीत जपतो, पण तिच्या वृद्ध मैत्रिणीची विचारपूस वर्षभर करत नाही. साडी जपण्यास हरकत नाही. परंतु मैत्रिणीचा हक्क साडीपेक्षा मोठा आहे.

प्रिय वस्तू देणे आणि टाकाऊ वस्तू देणे

प्रिय वस्तूंतून खर्च केल्याशिवाय नेकी प्राप्त होणार नाही, असा सूरह आले इमरानच्या ९२ व्या आयतीचा आदेश आहे. ही आयत अवतरली तेव्हा हजरत अबू तलहा (रजि.) प्रेषितांकडे (स.) आले. मस्जिदे नबवीसमोरील ‘बैरुहा’ ही बाग त्यांना सर्वाधिक प्रिय होती, प्रेषित (स.) तेथे जाऊन गोड पाणी पीत असत. ती बाग त्यांनी अल्लाहच्या मार्गात देऊन टाकली. प्रेषितांनी (स.) आनंद व्यक्त केला आणि ती त्यांच्याच नातेवाइकांत वाटण्याचा सल्ला दिला. त्यानुसार त्यांनी ती नातलगांत व चुलतभावांत वाटली.

याउलट सूरह अल-बकरहच्या २६७ व्या आयतीत बजावले आहे की, देण्यासाठी मुद्दाम निकृष्ट वस्तू निवडू नका. तीच वस्तू तुम्हाला कोणी दिली तर डोळेझाक केल्याखेरीज तुम्ही ती घेणार नाही. घर आवरताना हा निकष अतिशय उपयोगी पडतो. फाटका सदरा, झाकण नसलेला डबा, बंद पडलेली मिक्सर हा सदका नव्हे. ती आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणे आहे. असे सामान भंगारवाल्याला द्यावे, कपडे बोहारणीला द्यावेत. गरजूला द्यायचे ते धुतलेले, बटणे लावलेले, घडी घातलेले असावे. आपल्या सख्ख्या भावाला देताना लाज वाटणार नाही असे असावे.

तिर्मिजीत एक प्रसंग आहे. घरात बकरी जिबह झाली व मांस वाटले गेले. काय उरले, असे प्रेषितांनी (स.) विचारले. केवळ खांद्याचा भाग उरला, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले. तेव्हा खांदा सोडून बाकी सर्वच उरले आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. दिले ते उरले आणि ठेवले ते संपणार, हा हिशेब मनात ठसला की हात सैल होतो.

निधन पावलेल्यांच्या वस्तू : आधी हक्क, मग सदका

या विषयातील सर्वाधिक चूक येथे होते. आई किंवा वडिलांचे निधन झाले की काही दिवसांत त्यांचे कपडे, घड्याळ, भांडी ‘सवाबासाठी’ वाटली जातात. किंवा जवळ राहणारा मुलगा वा सून त्या वस्तू ठेवून घेते. हेतू चांगला असला तरी दोन्ही गोष्टी शरीअतच्या क्रमाला धरून नाहीत. निधनाच्या क्षणी त्या माणसाची सुईदेखील त्याची राहत नाही. ती वारसांची होते. सूरह अन-निसाच्या ७ व्या आयतीत पुरुष व स्त्रिया दोघांचाही हिस्सा सांगताना, मालमत्ता थोडी असो वा अधिक, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे हा नियम शेत व घरापुरता नाही. पानदान आणि रजईलाही लागू आहे.

क्रम असा आहे : प्रथम कफन-दफनाचा खर्च, नंतर कर्जफेड, नंतर एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि त्यानंतर वारसांत वाटणी. समजा, एका स्त्रीचे निधन झाले. आईवडील हयात नाहीत. मागे पती, एक मुलगा व दोन मुली आहेत. तिच्या पेटीतील दागिने, साड्या व भांडी यांची बाजारभावाने किंमत ४०,००० रुपये होते. पतीचा चौथा हिस्सा १०,००० रुपये. उरलेल्या ३०,००० पैकी मुलाचे १५,००० आणि प्रत्येक मुलीचे ७,५०० रुपये. एखाद्या मुलीला आईच्या बांगड्या हव्या असतील तर त्या तिच्या हिश्श्यात धरता येतात. किंमत अधिक असल्यास फरक ती देईल किंवा इतर वारस राजीखुशीने सोडतील. सर्व प्रौढ वारस मनापासून राजी असतील तर वस्तू सदकाही करता येतात. मात्र अल्पवयीन वारसाचा हिस्सा त्याच्या होकारानेही दान करता येत नाही. बहिणीचे मौन म्हणजे तिची संमती, असे धरणेही योग्य नाही. तिला विचारावे आणि नकाराचा अवकाश द्यावा.

एकच वस्तू दोघांना सारखीच प्रिय असेल तर? किंमत हिश्श्यात धरून चिठ्ठी टाकावी. प्रवासात कोणत्या पत्नीला सोबत न्यावे, यासाठी प्रेषित (स.) चिठ्ठ्या टाकीत असत. चिठ्ठीने कोणाचाही अपमान होत नाही आणि भावंडांत कटुता राहत नाही. त्याच सूरहच्या ८ व्या आयतीत, वाटणीच्या वेळी उपस्थित असलेले नातलग, अनाथ व गरीब यांनाही काही द्यावे व त्यांच्याशी चांगले बोलावे, असा उपदेश आहे.

साठा आणि निसाब

घरगुती वापराच्या वस्तूंवर जकात नाही, हे सर्वांना माहीत असते. पण हनफी मतानुसार सदका-ए-फित्र व कुरबानी यांचा हिशेब वेगळा आहे. मूलभूत गरजांपलीकडे पडून असलेल्या सामानाची किंमत त्यात धरली जाते. कर्ज वजा जाता तिची व इतर मालाची बेरीज ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी झाली तर फित्र व कुरबानी वाजिब होते आणि अशा व्यक्तीस जकात घेता येत नाही. म्हणजे माळ्यावर वापराविना पडलेली तांब्यापितळेची भांडी एखाद्याला नकळत ‘साहिबे निसाब’ करू शकतात. आठवणीसाठी ठेवलेल्या सोन्याचांदीच्या दागिन्यांवर तर हनफी मतानुसार जकातही आहे. शाफई मताच्या कुटुंबांनी आपल्या उलेमांकडून तपशील जाणून घ्यावा.

माऊन : देणे आणि वापरू देणे

सूरह अल-माऊनच्या शेवटी, दिखाव्याची नमाज पढणाऱ्यांचे एक लक्षण असे सांगितले आहे की ते ‘माऊन’ रोखून धरतात. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या मते माऊन म्हणजे कुऱ्हाड, बादली, हंडी अशा शेजाऱ्यांनी एकमेकांना वापरायला द्यायच्या वस्तू. प्रत्येक वस्तू कायमची देऊन टाकलीच पाहिजे असे नाही. मोठी देग, शिडी, जादा गाद्या मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक असल्या आणि मागितल्यावर मिळाल्या, तर प्रत्येक घराला त्या विकत घेऊन साठवाव्या लागणार नाहीत.

घर आवरताना

१. रमजानपूर्वी, शाबान महिन्यात सर्व कुटुंबाने एकत्र बसून एक कपाट किंवा एक पेटी उघडावी. एकाच दिवशी सारे घर काढू नये.
२. प्रत्येक वस्तूबाबत प्रथम विचारावे : ही कोणाची? उसनी आणलेली, अमानत म्हणून ठेवलेली किंवा वाटणी न झालेली वस्तू आधी बाजूला काढावी व हक्कदाराला कळवावे.
३. वृद्धांच्या वस्तूंना त्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नये. अब्बांना जे पुस्तक रद्दी वाटत नाही, ते रद्दी नाही. त्यांनी वस्तूची हकीगत सांगितली तर ती लिहून घ्यावी.
४. कुरआनची जीर्ण पाने, अल्लाहचे नाव असलेली जुनी कॅलेंडरे व लग्नपत्रिका रद्दीत देऊ नयेत. मस्जिदीतील पेटीत द्याव्यात किंवा स्वच्छ जागी पुराव्यात. चांगली दीनी पुस्तके मदरशास किंवा वाचनालयास वक्फ करावीत.
५. जुने मोबाइल व विजेच्या वस्तू ई-कचरा संकलनाकडे द्याव्यात. केंद्र सरकारच्या मोहिमेत २० मे २०२३ पासून शहराशहरांत जुने कपडे, पुस्तके व प्लास्टिक स्वीकारणारी केंद्रे सुरू झाली होती. आपल्या नगर पंचायतीकडे अशा सोयीची चौकशी करावी.
६. ज्यांच्याकडे काही अमानत आहे त्यांनी वसीयत लिहून ठेवावी. वसीयत करण्याजोगे काही असलेल्या मुस्लिमाने ती लिहिल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. हिंगण्याहून शहरात जाताना लागणारा अंबाझरी तलाव ओसंडला आणि हजारो घरांत पाणी शिरले. गाद्या, कपडे, पुस्तके, फोटो असे वर्षानुवर्षांचे सामान सकाळपर्यंत चिखल झाले. ज्यांचे नुकसान झाले त्यांना अल्लाहने सबरचा मोबदला द्यावा. इतरांनी एवढे ध्यानात घ्यावे की, वस्तू आपल्या हातून सुटणारच आहे. पाण्याने, वाळवीने किंवा मृत्यूने. स्वतःच्या हाताने, हक्कदाराला, चांगल्या अवस्थेत देण्याची संधी मात्र केवळ हयातीतच आहे.

अल्लाह आपल्याला अमानती ओळखण्याची, हक्क देण्याची आणि प्रिय वस्तूंतून खर्च करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात वाटणी न झालेली अशी कोणती वस्तू आहे? तिचे वारस कोण?
२. हजरत खदीजा (रजि.) यांच्या हाराच्या प्रसंगी प्रेषितांनी (स.) सहाबांना का विचारले?
३. आपल्या दिवंगत आप्तांच्या कोणत्या मित्र-मैत्रिणी हयात आहेत? त्यांना आपण या महिन्यात केव्हा भेटणार?