तोंडाची कोरड आणि जळजळ : दुर्लक्ष करू नका
निरोगी तोंडात दररोज सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घटल्यास चव बदलते, कोरडा घास गिळवत नाही आणि दात लवकर किडतात. मधुमेह किंवा ॲलर्जी, नैराश्य व रक्तदाबावरील काही औषधे याला कारणीभूत असू शकतात. तथापि डॉक्टरांना विचारल्याविना आपले औषध बंद करू नये. पाणी घोट-घोट प्यावे; फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून २ वेळा दात घासावेत.

तिखट खाताना आग होत असेल व तोंड पूर्ण उघडत नसेल, तर सुपारी, गुटखा आजच सोडावा. ही कर्करोगापूर्वीची अवस्था असू शकते. २ आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा आढळल्यास दंतवैद्यांना त्वरित दाखवावे. तंबाखू सोडण्यासाठी निःशुल्क दूरध्वनी : १८००-११-२३५६.