प्लूटो : सूर्यमालेच्या कडेचे एक थंडगार जग

घाटकोपर येथील आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर सूर्यमालेचा एक जुना तक्ता अनेक वर्षे टांगलेला आहे. त्यात सूर्याभोवती नऊ ग्रह दाखविलेले असून अगदी शेवटी, कडेच्या खिळ्याजवळ, करड्या रंगाचा एक ठिपका आहे. तो प्लूटो. एका रविवारच्या वर्गात आम्ही तक्त्यावर छडी ठेवून मुलांकडून नऊ ग्रह म्हणवून घेत होतो. तेव्हा सहावीतील एका मुलीने उभे राहून सांगितले, "सर, ग्रह आठच आहेत." आम्ही तिला खाली बसविले. घरी येऊन वाचन केले तेव्हा चूक आमचीच होती हे कळले, आणि तीही 2006 सालापासूनची! पुढच्या रविवारी वर्गात तसे कबूल केले. त्या वाचनातून जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

प्लूटोचा शोध लावणारा क्लाइड टॉमबॉ हा कोणी मोठा प्राध्यापक नव्हता. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका शेतकऱ्याचा तो मुलगा. गारपिटीने उभे पीक गेले आणि त्याचे कॉलेजात जाणे राहून गेले. त्याने घरच्या घरी आरसे घासून दुर्बीण बनविली, तिच्यातून दिसलेल्या मंगळाची व गुरूची चित्रे काढली आणि ती ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेकडे पाठविली. वेधशाळेने 1929 मध्ये त्याला कामावर घेतले. काम मोठे चिकाटीचे होते. आकाशाच्या एकाच भागाचे काही दिवसांच्या अंतराने दोन फोटो घ्यायचे व ते यंत्रातून आलटूनपालटून पाहायचे. तारे जागच्या जागी राहतात. ग्रह असेल तर त्याचा ठिपका सरकलेला दिसतो. 23 व 29 जानेवारी 1930 रोजी घेतलेल्या फोटोंच्या काचांवर असा सरकलेला ठिपका त्याला 18 फेब्रुवारीस सापडला. तेव्हा त्याचे वय होते 24. पदवी त्याने त्यानंतर, 1936 मध्ये घेतली. 'प्लूटो' हे नाव तर ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचविले. आमच्या वर्गातील मुलींना हा तपशील विशेष आवडला.

हे जग आपल्या चंद्राहूनही लहान आहे. चंद्राचा व्यास सुमारे 3,475 किलोमीटर, तर प्लूटोचा 2,377. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर 590 कोटी किलोमीटर. सूर्यप्रकाश आपल्याकडे आठ मिनिटांत येतो, तेथे पोहोचायला त्याला साडेपाच तास लागतात. सूर्याभोवतीची एक फेरी 248 वर्षांची. म्हणजे शोध लागल्यानंतरची पहिली फेरी 2178 मध्ये पुरी होईल. कक्षा इतकी लांबट की 1979 ते 1999 या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. त्या वर्षांत 'सर्वांत दूरचा ग्रह कोणता?' या प्रश्नाला 'प्लूटो' असे उत्तर लिहून आमच्यापैकी ज्यांनी गुण मिळविले, त्यांनी ते नेपच्यूनचे घेतले म्हणायचे!

मग तो ग्रहांतून का गेला? 1992 पासून नेपच्यूनच्या पलीकडे त्याच्यासारखी अनेक बर्फाळ जगे सापडू लागली. 2005 मध्ये सापडलेला एरिस तर जवळजवळ प्लूटोएवढाच निघाला. मग एक तर या सर्वांना ग्रह म्हणावे लागले असते, नाहीतर प्लूटोलाही त्यांच्यात बसवावे लागले असते. 24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरविले की, ज्याने आपल्या कक्षेचा परिसर इतर पिंडांपासून मोकळा केला आहे तोच ग्रह. प्लूटो त्यात बसत नाही, म्हणून तो बटुग्रह. हा निर्णय मान्य नसलेले शास्त्रज्ञ आजही आहेत. मुलांना मात्र वाटते की प्लूटोला कोणीतरी शिक्षा केली. आमच्या मते यात दया यावी असे काही नाही. 1801 मध्ये सापडलेल्या सेरेसलाही आधी ग्रहांत मोजत, पुढे त्याचीही गणना बदलली.

14 जुलै 2015 रोजी 'न्यू होरायझन्स' हे यान प्लूटोपासून सुमारे 12,500 किलोमीटरवरून गेले. टॉमबॉच्या अस्थींचा काही अंश त्या यानात होता. यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत गोठलेल्या नायट्रोजनचे विस्तीर्ण मैदान दिसले आणि पाण्याच्या बर्फाचे डोंगर दिसले. उणे 230 अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्याचा बर्फ खडकासारखा टणक होतो, म्हणून त्याचे डोंगर उभे राहू शकतात. त्यांतील एका रांगेला तेनझिंग यांचे नाव दिलेले आहे.

आता आपल्या मुंबईचा संबंध सांगतो. यान तर पुढे निघून गेले. मग प्लूटोवरच्या विरळ हवेची खबर कशी घ्यायची? कधी कधी प्लूटो एखाद्या दूरच्या ताऱ्यासमोरून जातो. हवा नसती तर बटण दाबून दिवा बंद करावा तसा तारा एकदम विझला असता. हवा असल्यामुळे तो कंदिलाची वात हळूहळू खाली करावी तसा मंद होत जातो, आणि त्या मंद होण्यावरून हवेचा दाब काढता येतो. 6 जून 2020 रोजी असा योग आला. 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर येऊन तीनच दिवस झाले होते. तिकडे उत्तराखंडात नैनिताल जिल्ह्यातील देवस्थळ येथे दोन दुर्बिणी प्लूटोकडे लावलेल्या होत्या. त्यांतील 3.6 मीटर आरशाच्या दुर्बिणीवर अवरक्त किरण टिपणारा जो कॅमेरा होता, तो कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केलेला. घाटकोपरहून लोकल आणि पुढे बस धरली की जेथे पोहोचता येते, तेथले हे काम!

उत्तर मिळाले ते असे की, प्लूटोच्या पृष्ठभागावर हवेचा दाब सुमारे 12 मायक्रोबार, म्हणजे आपल्याकडील दाबाच्या ऐंशी हजाराव्या भागाच्या आसपास आहे. 1989 पासून प्लूटो सूर्यापासून दूर चालला आहे, तेव्हा थंडीने ही हवा गोठून कमी होत जावी असे वाटेल. प्रत्यक्षात 1988 नंतर ती जवळजवळ तिप्पट झाली, कारण नायट्रोजनच्या त्या मैदानावर ऊन पडू लागले व बर्फाची वाफ होऊ लागली. आपल्याकडेही दुपारचे बारा वाजून गेल्यावर उन्हाचा तडाखा वाढतच जातो, त्यातलाच हा प्रकार. 2015 ते 2020 या काळात मात्र दाब फारसा बदलला नाही, असे देवस्थळच्या नोंदीवरून दिसले.

भिंतीवरचा तक्ता आम्ही काढलेला नाही. शेवटच्या ठिपक्याखाली त्याच मुलीकडून निळ्या शाईने 'बटुग्रह, 2006' असे लिहवून घेतले आहे.