धरण उशाला: तानसा-वैतरणेचं खोरं ओळखूया

मैत्रिणींनो, मागच्या पाठात आपण गटाचा हिशोब शिकलो. या वेळी हिशोबच आहे, पण पाण्याचा.

आधी नदी. त्र्यंबकेश्वरजवळच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला, आपल्याकडे. इगतपुरी, मोखाडा, शहापूर, वाडा असं करत ती विरार आणि सफाळ्याच्या मधून समुद्राला मिळते. तानसा तिला खाली जाऊन मिळते. तानसेच्या काठावर वज्रेश्वरीचं देऊळ, शेजारी अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. तिकडे आपल्यातल्या बऱ्याच जणी जाऊन आल्यात. आसनगावहून दिसतो तो माहुली किल्ला. 1636 मध्ये शहाजीराजांनी मोगल फौजेशी झुंजताना इथेच आसरा घेतला होता.

आता धरणं. तानसा 1892 चं. मोडकसागर 1957 चं, महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावाचं. मग अप्पर वैतरणा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. भातसा आपल्याच तालुक्यात, पण ते खोरं उल्हास नदीचं. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी जातं. त्यातले दोन लहान तलाव तेवढे मुंबईत आहेत, बाकी पाच आपल्या बाजूचे.

मी दादरची. पहाटे नळ सोडला की पाणी येतं, ते कुठून येतं हे शाळेत शिकवलं होतं, पण कुणाच्या दारावरून येतं ते नाही. त्याच दादरला, केशवसुत उड्डाणपुलाखालच्या फुलबाजारात, आपल्याच बायका पळसाची पानं, शेवळं, कंटोली, दसऱ्याला आपटा घेऊन कसारा लोकलने येतात, कधी रात्र फुटपाथवर काढतात. म्हणजे पाणी आधी जातं, मागून आपण जातो.

मग धरणाशेजारी टँकर का लागतो? पाऊस कमी आहे म्हणून नाही. एक, आपल्याकडे खाली काळा कातळ आणि वर उतार. पाऊस मुरत नाही, धावतो. दोन, तलाव खोलात आणि पाडे उंचावर. तानसा-मोडकसागरचं पाणी मुंबईकडे उताराने आपोआप वाहतं. आपल्या पाड्यावर चढवायला मात्र पंप, वीज आणि दुरुस्तीवाला लागतो. तीन, त्या पाण्यावर मुंबईचं आरक्षण आहे. पहिली दोन कारणं निसर्गाची, तिसरं माणसांनी ठरवलेलं. त्यामुळे तिसऱ्याबद्दल बोलता येतं, बरं का.

आता हिशोब. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी द्यायचं ठरलंय. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. हंड्यात 15 लिटर मावतं असं धरा, म्हणजे 18 हंडे. विहिरीची एक खेप अर्ध्या तासाची आणि डोक्यावर एकच हंडा असेल तर नऊ तास! एवढं कुणी आणत नाही. आपण अंघोळ, धुणं, स्वतःचं पिणं कमी करतो. मे महिन्यात लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या बायका आठवा.

नळ बसला म्हणजे योजना झाली असंही नाही. पाणी ज्या विहिरीतून किंवा बोअरमधून उचलायचं, त्याला कागदावर 'उद्भव' म्हणतात. तो एप्रिल-मेमध्ये टिकतो का, हे ग्रामसभेत विचारायचं आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्यायचं. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका असायला हव्यात. तुमच्या गावात कोण आहेत ती नावं ग्रामपंचायतीत मागा. पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण गावातल्या पाच बायकांना द्यायचं असतं, त्यांचीही नावं मागा. नाव आहे पण बाईला पत्ताच नाही, असंही निघतं.

बैठकीत करायचं काम: जमिनीवर रांगोळीने आपली नदी काढा. धरण, पाडे, विहिरी, झरे मांडा. ज्या विहिरी मार्चनंतर आटतात तिथे खडा ठेवा. प्रत्येकीने आपल्या घरचे रोजचे हंडे आणि खेपेचा वेळ सांगायचा. सचिवताईंनी तो गटाच्या वहीत, बचतीच्या मागच्या पानावर उतरवायचा. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा तीच पानं घेऊन बसू.