अनध्यायाचा दिवस

वाई,
चैत्र वद्य द्वादशी

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

काल सूनबाईचा फोन आला. तुझा आवाज बसलाय, तरी रविवारी एक वास्तुशांत, दोन सत्यनारायण आणि रात्री अमेरिकेतल्या यजमानांची व्हिडिओवरची पूजा, एवढं उरकलंस म्हणे. शाळेतले मित्र क्रिकेटला बोलावत होते, त्यांना मात्र ‘गुरुजी मैदानावर दिसले तर यजमान काय म्हणतील?’ असं सांगून कटवलंस. त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहितोय.

गेल्या वर्षी तू सलग दहा दिवस घरी राहिलास, ते फक्त सुतकात. सुट्टी मिळायला घरातलं कुणी जावं लागतं, ही काही चांगली रीत नव्हे.

पाठशाळा विसरलास का? प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्याय. अष्टमीला संथा नाही म्हटल्यावर कृष्णेच्या घाटावरून पहिली उडी तुझी असायची. ज्या परंपरेनं आपल्याकडून वेद पाठ करून घेतले, तिनंच ते न म्हणायचे दिवसही नेमून दिले. आपण परंपरा पाळतो म्हणतो आणि तिच्यातला तेवढाच भाग नेमका गाळतो.

माझा अनध्याय तुला ठाऊक आहे. अमावास्येला मंगलकार्य नाही आणि आकाशात चंद्र नाही. म्हणजे ताऱ्यांना आणि मलाही सवड. ज्येष्ठ ते भाद्रपद ढगांत जातात, आश्विनात लक्ष्मीपूजन. बारातल्या सात अमावास्या उरतात, त्या मी वीस वर्षं राखल्या आहेत. निवृत्त चित्रकलामास्तर, एसटीचा ड्रायव्हर, औषधाच्या दुकानाचा मालक आणि मी, असे चौघं धोम धरणाच्या काठाला सतरंजी टाकतो. एक दुर्बीण, एक स्टोव्ह.

पहिल्याच चैत्रात माझी फजिती झाली. लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवायचं काम मी कितीतरी वर्षं करत होतो. भर दुपारी, कार्यालयाच्या छताकडे बोट करून. मास्तर म्हणाले, ‘भटा, दाखव बरं तुझी अरुंधती.’ मला सप्तर्षीच सापडेनात! ड्रायव्हरनं हात धरून दाखवले. शेपटीच्या टोकापासून दुसरा तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी खेटून, डोळे ताणल्यावर दिसणारी बारीकशी ती. ध्रुवही त्यानंच शिकवला: वाईहून तो क्षितिजाच्या वर साधारण अठरा अंश, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींहून थोडा खाली.

यातून माझं पौरोहित्य सुधारलं, असं मात्र तुला सांगणार नाही. छंदाचाही उपयोग काढायला लागलो की तो दुसरा धंदा होतो. मला तिथं मिळालं ते वेगळंच.

आपल्या व्यवसायात मिसरूड फुटल्यापासून साठीची माणसं पायाला हात लावतात. नमस्कार असतो आसनाला. पण रोज झेलत गेलं की तो आपल्यालाच आहे असं वाटू लागतं. मग घरातही आवाज संकल्प सांगितल्यासारखा लागतो, आणि आपलं चुकलं हे सांगणारं कुणी उरत नाही. त्या सतरंजीवर मला कुणी गुरुजी म्हणत नाही. चहा पाणचट झाला तर शिव्या खातो आणि परत आधण ठेवतो. वर्षातून सात रात्री अशा मिळाल्या, म्हणून बाकीचे दिवस मी आसनावर बसूनही माणसात राहिलो. तुझ्या मित्रांनी तुला ‘बाळ्या, झेल सोडलास!’ असं ओरडून सांगायला हवं, ते यासाठी.

आता व्यवहाराचं. रविवार आपला हंगामाचा दिवस; चारही मागू नकोस, महिन्यातला एक घे. तो आधीच डायरीत लिही, म्हणजे ‘त्या दिवशी जमणार नाही’ हे खरं उत्तर होईल. दिलेला शब्द मात्र खेळासाठी मोडू नकोस. अडलंच तर दुसऱ्या गुरुजींना पाठव आणि दक्षिणा पुरती त्यांना जाऊ दे, त्यात वाटा ठेवू नकोस. मैदानावर कुणी पत्रिका पुढे केली तर सोमवारी ये म्हणून सांग. शेंडी टोपीत मावते. आणि यजमान दिसलेच, तर लाजू नकोस. एक खेळाडू कमी असेल तर त्यांनाच फील्डिंगला उभं कर.

परवा, तेरवा जमलं तर इकडे ये. अमावास्येला आकाश मोकळं असेल असं वाटतंय. सूनबाईलाही आण. तुमच्या लग्नात मीच तुम्हाला अरुंधती म्हणून छताचा पंखा दाखवला होता, ते एकदा दुरुस्त करायचं राहिलंय.

तुझा,
काका

ता. क. अमावास्येच्या संध्याकाळी फोन करू नकोस. बंद असेल.